दत्तक शब्दातला देणारा
आशा मिरो यांच्या दोन आत्मकथनांविषयी

मराठीत ‘दत्तक’ या शब्दाबरोबर दोन क्रियापदे चालतात. मूल दत्तक घेता येते आणि दत्तक देताही येते. शब्दाच्या पोटात मात्र एकच क्रिया आहे, ती देण्याची. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. युरोपातल्या बहुतेक भाषांनी या नात्यासाठी लॅटिनमधला ‘आदोप्तारे’ हा शब्द उचलला. त्याचा अर्थ निवडून आपलासा करणे. इंग्रजीतला ‘ऑप्शन’ त्याच धातूचा. म्हणजे एकाच घटनेला नाव देताना एका परंपरेने देणाऱ्याकडे पाहिले आणि दुसरीने घेणाऱ्याकडे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे प्रकार सांगताना आपत्काळी आईने किंवा बापाने पाणी सोडून दिलेला तो दत्तपुत्र, अशी व्याख्या येते. आपत्ती, पाणी आणि देणे या तिन्ही गोष्टी तिच्यात आहेत. घेणाऱ्याच्या आनंदाचा उल्लेख नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ सालचा. त्याने दत्तहोम आवश्यक ठरवला नाही, मुलींनाही दत्तक घेण्याची सर्वसाधारण परवानगी दिली, पण प्रत्यक्ष देणे आणि घेणे घडले पाहिजे ही अट कायम ठेवली. जुन्या शास्त्रातला देणारा असा नव्या कायद्यातही टिकून राहिला.

हा भेद कोशात नोंदवून सोडून देण्यासारखा नाही, हे लक्षात येते ते आशा मिरो या कॅटलान लेखिकेची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचताना. मिरो यांचा जन्म १९६७ साली नाशिकच्या परिसरातला. १९७४ साली, सात वर्षांच्या होण्याच्या सुमारास, बार्सिलोनाच्या एका जोडप्याने त्यांना दत्तक घेतले. त्यांचे पहिले आत्मकथन २००३ साली कॅटलान भाषेत प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘गंगेची लेक’. दुसरे २००४ साली आले, त्याचे नाव ‘चंद्राची दोन मुखे’. इंग्रजीत ही दोन्ही एका खंडात, पहिल्याच पुस्तकाच्या नावाने, २००६ मध्ये आली. पहिले पुस्तक निवडीचे आहे आणि दुसरे देण्याचे, असे माझे म्हणणे आहे. दुसऱ्याने पहिल्याला नुसती पुरवणी जोडलेली नाही, त्याला दुरुस्त केले आहे. आणि ही दुरुस्ती किती खोल आहे हे मराठी वाचकाला जितक्या सहज कळते तितके ते मूळ भाषेच्या वाचकाला कळणे कठीण आहे.

वाट नसलेल्या काळातले जोडपे

१९७४ साली एखाद्या परदेशी जोडप्याने भारतातून मूल घ्यायचे ठरवले तर त्याच्यासमोर आजच्यासारखी आखलेली वाट नव्हती. १९५६ चा कायदा हिंदूंपुरता होता. सर्वधर्मीयांसाठी दत्तकविधेयक १९७२ साली राज्यसभेत मांडले गेले, ते मंजूर झाले नाही. १९८० सालच्या दुसऱ्या प्रयत्नाचेही तेच झाले. त्यामुळे परदेशी जोडपी १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचा आधार घेत. भारतातले न्यायालय त्यांना मुलाचे पालक म्हणून नेमी, मूल पाल्य म्हणून देशाबाहेर जाई आणि दत्तकविधी त्या देशात, त्या देशाच्या कायद्याने होई. कायद्याच्या दृष्टीने भारतात कोणी मूल ‘दत्तक’ दिलेलेच नसे. देण्याची क्रिया कागदावरूनच नाहीशी झाली होती. उरत होता तो ताबा.

पलीकडे स्पेनमध्ये फ्रँकोची राजवट शेवटच्या वर्षात होती. परदेशातून मूल आणणे ही तिथे अगदी विरळा गोष्ट होती. अशा वेळी बार्सिलोनातल्या जोडप्याला मुंबईतल्या एका कॅथलिक अनाथालयाशी जोडणारा दुवा सरकारी नव्हता, धार्मिक होता. धर्मभगिनी, त्यांची पत्रे, त्यांचा शब्द. मिरो यांच्या पहिल्या पुस्तकात दत्तक आईने त्या काळात लिहिलेल्या नोंदी मुलीच्या निवेदनाबरोबर येतात, आणि पुस्तकाचा सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे. मूल अजून हजारो किलोमीटरवर आहे आणि इकडे एक बाई त्याची आई होऊ लागली आहे. प्रतीक्षेतली आई ही आपल्या साहित्यात गर्भारपणाच्या रूपात असंख्य वेळा आली आहे. कागदपत्रांची वाट पाहता पाहता आई होणारी बाई मात्र तिथे क्वचित भेटते.

या नोंदींचे मोल त्यांच्या साधेपणात आहे. उपकाराचा सूर त्यांत नाही. एक मूल आपले व्हावे ही इच्छा आहे आणि ती पुरी होईल की नाही याची धाकधूक आहे. दत्तक घेणाऱ्यांच्या लेखनात ‘आम्ही एका जिवाला वाचवले’ असा भाव फार लवकर शिरतो. तो इथे बराचसा बाहेर राहिला आहे.

दुसरी एक गोष्ट या पुस्तकाला भाबडेपणापासून वाचवते. मिरो सांगतात की आपल्याला आई-वडील हवेत, असा धोशा अनाथालयात असताना त्यांनी स्वतःच धर्मभगिनींकडे लावला होता. सहा वर्षांच्या मुलीने केलेली ही मागणी देणे आणि घेणे या दोन्ही चौकटींत बसत नाही. स्मृतींत आणि कायद्यात मूल हे दिले-घेतले जाणारे असते. इथे ते मागणारे आहे. पुस्तकाने या क्षणावर आणखी थांबायला हवे होते असे वाटते, कारण अनाथालयातल्या इतर मुलींनाही तेच हवे असणार. एकीची मागणी पुरी झाली, हे सांगताना बाकीच्यांच्या मागणीचे काय झाले हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो आणि लेखिका पुढे निघून जाते.

पुस्तक कोणासाठी लिहिले गेले

‘गंगेची लेक’ ज्या साली आले त्या सालाचे महत्त्व आहे. १९७४ मध्ये विरळा असलेली गोष्ट तीस वर्षांनी स्पेनमध्ये घरोघरची झाली होती. २००४ साली त्या देशात परदेशातून ५,५४१ मुले दत्तक आली. हा तिथला उच्चांक, आणि त्या काळात अमेरिकेखालोखाल स्पेनचाच क्रमांक लागत होता. यातली बरीच मुले चीनमधली आणि रशियातली होती. म्हणजे पुस्तक बाजारात आले तेव्हा हजारो जोडपी अर्ज भरून, समाजकार्यकर्त्याच्या गृहभेटी आटोपून, फोन येण्याची वाट पाहत होती. त्यांच्या मनात एकच शंका होती: हे मूल मोठे झाल्यावर आपल्याविषयी काय म्हणेल?

मोठ्या झालेल्या मुलीने लिहिलेले पुस्तक त्यांच्या हातात पडले आणि त्याने त्यांना धीर दिला. पुस्तकाच्या यशाचे हे एक कारण, आणि त्याच्या मर्यादेचेही. १९९५ मध्ये मिरो स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदा भारतात परतल्या, त्या प्रवासाचे वर्णन पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. मुंबईचा उकाडा, वास, गर्दी, रंग, अनाथालयाची इमारत, आपल्याला ओळखणाऱ्या वृद्ध धर्मभगिनी. सगळे खरे आहे, मनापासून लिहिलेले आहे. पण या प्रवासाचा शेवट वाचकाला आधीपासून माहीत असतो: ती परत बार्सिलोनाला जाणार, आणि आपले घर तेच आहे हे तिला पटणार. प्रतीक्षेतल्या जोडप्याला हवे असलेले उत्तर पुस्तक देऊन टाकते.

या रचनेत जन्मदात्यांना जागा कमी उरते. आई जन्मानंतर लवकरच वारली, वडिलांना तान्ह्या मुलीला वाढवणे शक्य झाले नाही, त्यांनी तिला नाशिकमधल्या धर्मभगिनींच्या स्वाधीन केले आणि तिथून ती पुढे मुंबईला गेली, एवढा सांगाडा हाती लागतो. जे कळते ते संस्थेच्या तोंडून. गरीब बाप, मेलेली आई, सोडलेली मुलगी: ही कथा जगातल्या कुठल्याही अनाथालयाच्या नोंदवहीत सापडेल. ती खोटी नसते, पण ती कोणाचीही असू शकते, आणि म्हणून ती कोणाचीच नसते.

नावाचेही पाहू. नाशिकची मुलगी ‘गंगेची’ लेक कशी, असा प्रश्न कोणीही विचारील. पाश्चात्त्य वाचकाला भारत म्हटले की गंगा आठवते, प्रकाशकाला ते सोयीचे असते, असे म्हणून हे नाव निकालात काढता येईल. पण नाशिकच्या माणसाला तसे करता येणार नाही. गोदावरीला दक्षिणगंगा म्हणतात हे पुस्तकी झाले. नाशिकमध्ये रोजच्या बोलण्यात ती नुसती ‘गंगा’ असते. रामकुंडावर जायचे तर माणूस ‘गंगेवर’ जातो, पूर आला तर ‘गंगेला’ पूर येतो, आणि बाजार भरतो तो गंगेच्या काठी. परक्या वाचकासाठी ठेवल्यासारखे दिसणारे नाव इथल्या बोलीत अक्षरशः खरे ठरते. हा अर्थ बार्सिलोनातल्या वाचकापर्यंत आपसूक पोचण्याची शक्यता नाही. तिथे नावातून हिमालयातली नदी दिसणार. इथे घाटावरची दिसते.

थोरलीचे नाव

पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, त्यावर आधारित माहितीपटाच्या निमित्ताने मिरो पुन्हा भारतात आल्या. या वेळी शोध संस्थेच्या दारात थांबला नाही, नाशिकच्या आसपासच्या खेड्यांपर्यंत गेला. तिथे त्यांना सख्खी थोरली बहीण भेटली. दुसरे पुस्तक या भेटीतून जन्मले.

भेटीत जे अनेक धागे उलगडले त्यांतला एक सगळ्या पहिल्या पुस्तकाला हलवून सोडतो. लेखिकेचे मूळ नाव आशा नव्हते, उषा होते. आशा हे थोरल्या बहिणीचे नाव. धाकटीला धर्मभगिनींकडे सोपवताना वडिलांनी नावांची अदलाबदल केली आणि थोरलीचे नाव धाकटीला दिले.

कॅटलान किंवा इंग्रजी वाचकाला या ठिकाणी दोन्ही नावांचे अर्थ समजावून सांगावे लागतात. मराठी वाचकाला ते लागत नाहीत. आशा आणि उषा या आपल्या घराघरांतल्या बहिणींच्या जोड्या आहेत. एका तालावर, एका अक्षराच्या फरकाने ठेवलेल्या. त्यांचे अर्थ आपण एरवी ऐकतही नाही. ते ऐकू येतात ते अशा वेळी. उषा रोज उगवते, तिच्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. आशा धरावी लागते. बापाने कोणते नाव मागे ठेवले आणि कोणते बरोबर दिले, हे पाहिल्यावर त्याच्या मनाबद्दल आणखी काही सांगायची गरज उरत नाही.

पहिल्या पुस्तकातला बाप सोडून जाणारा होता. दुसऱ्या पुस्तकातला बाप देणारा आहे. फरक भावनेचा नाही, पुराव्याचा आहे. सोडणाऱ्याला नाव बदलायची गरज नसते. ज्याला मूल टाकायचे आहे तो काही न सांगता निघून जाऊ शकतो. या माणसाने मुलीबरोबर पाठवण्याजोगी एकच वस्तू घरात शोधली, ती दुसऱ्या मुलीकडून उसनी घेतली आणि धाकटीच्या ओटीत घातली. मनुस्मृतीतल्या व्याख्येतली आपत्ती इथे आहे आणि देणेही आहे. न्यायालयाच्या कागदावर नसलेले दान इथे नावाच्या रूपाने घडले आहे.

आणि ते एकट्या बापाचे दान नव्हते. थोरलीनेही नाव दिले, तिला कोणी विचारले नसले तरी. लेखिका आपल्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे नाव छापून बसली होती ते बहिणीचे होते. ‘मी कोण’ असे विचारत निघालेल्या आत्मकथनाला यापेक्षा कठोर उत्तर मिळणे अवघड. मिरो यांचे श्रेय असे की त्यांनी हे उत्तर लपवले नाही, मऊ केले नाही. पहिल्या पुस्तकाला मिळालेले प्रेम पणाला लावून त्या दुसरे पुस्तक लिहायला बसल्या.

चंद्राची कोणती बाजू

दुसऱ्या पुस्तकाचे शीर्षक मात्र मला खटकते. दोन बहिणी म्हणजे एकाच चंद्राची दोन मुखे, ही कल्पना ऐकायला गोड आहे. पण मुखे दोन म्हटली की एक उजळ आणि दुसरे अंधारे, असा हिशेब मनात होऊनच जातो. बार्सिलोनात शिकलेली, स्वतःची पुस्तके असलेली बहीण आणि नाशिकजवळच्या खेड्यात कष्ट करून संसार रेटलेली बहीण. लेखिका पुन्हा पुन्हा स्वतःला विचारते की मी इथेच राहिले असते तर? प्रश्न प्रामाणिक आहे. पण तो विचारताच समोरची बाई ही एक स्वतंत्र व्यक्ती न राहता लेखिकेच्या टळलेल्या आयुष्याचा नमुना होते. तिचे घर, तिची मुले, तिचे हात, सगळे ‘हे माझे झाले असते’ या नजरेने पाहिले जाते.

खगोलशास्त्र इथे उपयोगी पडेल. चंद्राची पलीकडची बाजू अंधारी नसते. तिच्यावरही तेवढेच ऊन पडते. ती पृथ्वीवरून दिसत नाही, एवढेच. थोरल्या बहिणीचे आयुष्य अंधारे होते असे ठरवायला आपल्याकडे फक्त धाकटीच्या खिडकीतून दिसणारे दृश्य आहे.

आणि त्या खिडकीला भाषेची काच आहे. मुंबईहून निघालेली सात वर्षांची मुलगी मराठी बोलत होती. बार्सिलोनात ती कॅटलान आणि स्पॅनिश शिकली आणि मराठी विसरली. विशेष असे की तिने जवळ केलेली कॅटलान ही त्या काळी फ्रँकोच्या राजवटीने शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून बाहेर ठेवलेली भाषा होती. दडपलेल्या भाषेच्या माणसांनी वाढवलेली मुलगी स्वतःची पहिली भाषा हरवून बसली आणि त्यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता. सख्ख्या बहिणी एकमेकींसमोर आल्या तेव्हा त्यांच्यामध्ये दुभाषी होता.

भाषा इतकी पुसली जाते का? २००३ मध्येच, फ्रान्समध्ये क्रिस्तोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी तीन ते आठ वर्षांच्या वयात दत्तक आलेल्या आठ कोरियन प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरियन वाक्ये ऐकताना त्यांचा मेंदू ती भाषा कधीच न ऐकलेल्या फ्रेंच माणसांच्या मेंदूपेक्षा वेगळा वागताना आढळला नाही. २०१४ मध्ये माँट्रियालमध्ये चिनी वंशाच्या दत्तक मुलींवर झालेल्या अभ्यासाने उलट बाजू दाखवली. तान्हेपणी चीन सोडलेल्या, आता फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींचा मेंदू चिनी स्वर ऐकताना चिनी भाषकांसारखाच प्रतिसाद देत होता. शब्द गेले तरी आवाजाची खूण राहते, असे म्हणायला जागा आहे. साहित्याच्या दृष्टीने दोन्ही निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. मिरो यांच्या पुस्तकांत भारत वास, स्पर्श आणि चवींच्या रूपाने इतका का येतो आणि संवादांच्या रूपाने इतका कमी का, याचे कारण लेखिकेच्या आवडीत शोधण्याची गरज नाही. जिची भाषा गेली तिच्याकडे इंद्रिये उरतात. पहिल्या पुस्तकावर ‘परदेशी नजरेचा भारत’ असा शिक्का मारण्याआधी एवढे ध्यानात घ्यायला हवे.

तरीही थोरल्या बहिणीचे म्हणणे आपल्यापर्यंत कसे पोचते ते पाहा. ती मराठीत बोलते. दुभाषी ते दुसऱ्या भाषेत नेतो. त्याचे कॅटलानमध्ये पुस्तक होते. मग इंग्रजी. आणि नाशिकपासून फार दूर नसलेला मराठी वाचक ते इंग्रजीतून वाचतो आणि मनातल्या मनात पुन्हा मराठी करतो. एवढ्या हातांतून गेलेल्या बोलण्यात त्या बाईचे किती शब्द उरले असतील? तिच्या बोलीतले हेल, तिने बापाला कोणत्या नावाने हाक मारली, धाकटीची आठवण काढताना ती कोणते क्रियापद वापरत होती: ‘टाकली’, ‘ठेवली’ की ‘दिली’? या लेखाचा सगळा प्रश्न त्या एका क्रियापदात आहे, आणि ते क्रियापदच आपल्या हाती नाही.

सिनेमाने केलेली उलटापालट

मिरो यांना ही उणीव जाणवली असावी, असे मानायला आधार आहे. २००७ साली त्यांनी अॅना सोलेर-पोंत यांच्याबरोबर एक कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘चंदनाच्या खुणा’. त्यावरून मारिया रिपोल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१४ मध्ये आला. त्यात नंदिता दास यांनी मीना नावाच्या भारतीय अभिनेत्रीची भूमिका केली आहे. मीना मुंबईतली गाजलेली नटी आहे आणि लहानपणी ताटातूट झालेल्या बहिणीचा, सीतेचा, शोध घेते आहे. सीता बार्सिलोनात पॉला नावाने वाढली आहे, जीवशास्त्रज्ञ झाली आहे, आणि तिला यातले काहीच आठवत नाही.

कलाकृती म्हणून चित्रपट गोडव्याकडे झुकतो आणि योगायोगांवर फार विसंबतो. पण त्याने एक मोठी गोष्ट केली. आत्मकथनात परतणारी बहीण युरोपातून येते आणि सापडणारी बहीण इथे असते. चित्रपटात शोधणारी इथली आहे, तिच्याकडे पैसा, नाव आणि आठवण आहे, आणि सापडून गोंधळणारी युरोपातली आहे. मागे राहिलेल्या माणसालाही शोधाची ओढ असते, हे आत्मकथन सांगू शकले नव्हते ते कल्पित कथेने सांगितले. अर्थात त्यासाठी त्या बहिणीला नटी व्हावे लागले. खेड्यात राहिलेली शोधणारी बहीण पडद्यावर यायची अजून बाकी आहे.

कायद्याला आठवलेला देणारा

नाशिक जिल्ह्याला दत्तकाची एक जुनी, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळ हा शेतकरी घरातला मुलगा २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. वय बारा, अक्षरओळख नाही, आणि पुढे नवे नाव, नव्या भाषा, नवे राज्य. मिरो यांच्या कथेशी साम्य पुष्कळ आहे. फरक एकच, पण निर्णायक: गोपाळला देणारे वडील काशीराव इतिहासाला नावानिशी माहीत आहेत, आणि त्याचे भाऊही मागोमाग बडोद्याला गेले. राज्यासाठी घेतलेल्या मुलाचा देणारा लपवला जात नाही, कारण वंशाचा पुरावाच त्याच्यापाशी असतो. अनाथालयातून गेलेल्या मुलीच्या देणाऱ्याचा पुरावा कोणालाच नको असतो.

आंतरदेशीय दत्तकाच्या कायद्याला हा देणारा हळूहळू आठवत गेला. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मुलांच्या हालांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी पाठवलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दखल घेतली आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. भगवती यांनी निकाल दिला. मुलासाठी आधी भारतात घर शोधावे, परदेशी जोडप्याचा अर्ज मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावा, त्यांच्या घराचा अहवाल असावा, हे सारे त्यातून आले. मूल सोपवणाऱ्या आई-बापांना निर्णयाचा फेरविचार करायला सुमारे तीन महिने द्यावेत, असेही त्यात होते. त्याच निकालाने जन्मदात्यांची माहिती मूल जाणते झाल्यावर त्याला द्यायची की नाही हे दत्तक पालकांच्या विवेकावर सोडले. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, अस्तित्वात आले. १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. मुलाच्या मुळाची, जन्मदात्यांच्या ओळखीसह, माहिती जपून ठेवण्याची जबाबदारी त्याने सरकारांवर टाकली. २०१५ च्या बालन्याय कायद्यात फेरविचाराची मुदत साठ दिवसांची आहे. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. एवढ्या तरतुदींची गरज का पडली हे महाराष्ट्राला सांगायला नको. पुण्यातल्या एका संस्थेच्या कारभाराची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी झाली, ती फार जुनी गोष्ट नाही.

संख्याही बदलल्या. २०२४-२५ या वर्षात कारामार्फत देशात झालेल्या ४,५१५ दत्तकांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. परदेशी जाणारी मुले आता थोडी आहेत, आणि त्यांत मोठ्या वयाची किंवा विशेष गरजा असलेली बरीच असतात. आज अर्ज भरणाऱ्या परदेशी जोडप्याची माहिती मात्र भरपूर घेतली जाते: वय, उत्पन्न, आरोग्य, लग्नाची वर्षे, घरातल्या खोल्या. मुलाचा स्वतंत्र अहवाल असतो. देणाऱ्याच्या वाट्याला येते ते ताबा सोडल्याचे एक पत्र. त्यात सही किंवा अंगठा असतो. मुलीला कोणते नाव देऊन पाठवले आणि का, हे लिहायला त्यात रकाना नाही.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, तिऱ्हाइताला येत नाही, आणि जन्मदात्यांच्या खासगीपणाला बाध येऊ द्यायचा नाही, असे दत्तक नियमावली सांगते. नियम समंजस आहे. कुमारी मातेला तिच्या मुलाने अचानक दारात उभे राहून उघडे पाडू नये, हे कोणीही मान्य करील. पण या नियमातला शोध एकाच दिशेने चालतो. ज्या थोरलीचे नाव घेऊन धाकटी गेली, त्या थोरलीला अर्ज करायला जागा नाही.

कायद्याकडून सगळे मागता येत नाही. इथे साहित्याचे काम सुरू होते, आणि मराठी साहित्याचे खास करून. आपल्याकडे दत्तकावर जे लिहिले गेले त्यात घेणाऱ्या आई-वडिलांचे अनुभव आहेत, संस्था चालवणाऱ्यांच्या आठवणी आहेत, आणि ते लेखन मोलाचे आहे. त्याने निपुत्रिक घरांतली लाज कमी केली, दत्तक मुलाला सत्य सांगावे हे मध्यमवर्गाला पटवले. पण हे सारे ‘घेण्या’चे साहित्य आहे. ज्या भाषेने या नात्याला देणाऱ्याच्या बाजूने नाव दिले, तिच्यात देणाऱ्याची बाजू इतकी थोडी यावी, ही विसंगती आहे. देणारे बहुधा लिहिणारे नसतात, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. न लिहिणाऱ्यांचे बोलणे कागदावर आणण्याची परंपरा मराठीला नवी नाही.

आशा मिरो यांनी एका परक्या भाषेतून आपल्याला त्या दारापर्यंत आणून सोडले आहे. त्यांची पुस्तके मोठ्या साहित्यकृती आहेत असा दावा मी करणार नाही. पहिले सोपे आहे, दुसरे विस्कळीत आहे. पण स्वतःच्या पहिल्या पुस्तकाला खोडून काढणारे दुसरे पुस्तक वर्षभरात लिहायला जे धैर्य लागते ते या लेखिकेकडे होते, आणि म्हणून ही दोन पुस्तके एकत्रच वाचली पाहिजेत. तिसरे पुस्तक त्या लिहू शकणार नाहीत. ते थोरल्या बहिणींनी सांगायचे आहे, मराठीत, आणि कोणीतरी ते उतरवून घ्यायचे आहे.